टाचणी, बाजार आणि भूक

दिवाळीच्या सुट्टीत प्राध्यापकाच्या घरी फराळाच्या डब्यांइतकेच विद्यार्थ्यांच्या निबंधांचे गठ्ठे असतात. मी एकेक निबंध वाचीत होतो, सुटे कागद टाचणीने टोचीत होतो आणि स्वयंपाकघरातून येणाऱ्या चकल्यांच्या वासाकडे दुर्लक्ष करण्याचा प्रयत्न करीत होतो. इतक्यात आमची कन्या पुस्तक घेऊन समोर बसली. ती वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

"बाबा, तुम्ही मराठीचे प्राध्यापक. मग सोप्या मराठीत सांगा, 'अदृश्य हात' म्हणजे काय? परीक्षेत हमखास येतो."

मी म्हटले, "रहस्यकथेतला असेल."

आतून लगेच आवाज आला, "अहो, असला कुठे अदृश्य हात, तर त्याला म्हणावं, जरा इकडे सोऱ्या दाबायला ये!"

हसण्यावारी गेली गोष्ट. पण कन्या हटेना. तिच्या पुस्तकात लिहिले होते की सरकारने मध्ये पडू नये, बाजार आपला आपण सर्व सुरळीत करतो, असे अ‍ॅडम स्मिथने सांगितले आणि त्यातून औद्योगिक राष्ट्रे उदयाला आली. दोन ओळींत खेळ खलास! मला राहवेना. मी हातातली टाचणी तिच्यापुढे धरली आणि म्हटले, "ही गोष्ट इथून सुरू होते." त्या संध्याकाळी तिला जे सांगितले, तेच जरा नीटनेटके करून वाचकांपुढे ठेवीत आहे.

दहा माणसे आणि एक टाचणी

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर कर्कॉल्डी नावाचे छोटे बंदर आहे. तेथे १७२३ साली अ‍ॅडम स्मिथचा जन्म झाला. वडील त्याच्या जन्माआधीच वारले होते. आईने त्याला वाढवले आणि हा ब्रह्मचारी गृहस्थ जन्मभर आईच्या मायेत राहिला. १७५२ पासून तो ग्लासगो विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवीत होता. होय, नीतिशास्त्र! अर्थशास्त्र नावाचा विषय तेव्हा विद्यापीठात नव्हताच. त्याचा पहिला ग्रंथ १७५९ चा. माणसाला दुसऱ्याच्या सुखदुःखाविषयी सहानुभूती का वाटते, हा त्याचा विषय. पुढे एका तरुण ड्यूकचा शिक्षक म्हणून तो फ्रान्स हिंडून आला, गावी परतला आणि जवळजवळ दहा वर्षे एकच पुस्तक लिहीत बसला. ते पुस्तक, 'वेल्थ ऑफ नेशन्स', मार्च १७७६ मध्ये प्रसिद्ध झाले.

एवढ्या भारदस्त ग्रंथाची सुरुवात मात्र टाचण्यांच्या कारखान्याने होते. एकटा माणूस, त्या कामाची सवय नसलेला, दिवसभर खपला तर एखादी टाचणी करील. वीस तर खासच नाही. पण स्मिथने एक लहानसा कारखाना पाहिला होता. त्यात दहाच माणसे. एक तार ओढतो, दुसरा ती सरळ करतो, तिसरा तुकडे पाडतो, चौथा टोक काढतो, आणखी कोणी डोके बसवतो. शेवटी टाचण्या कागदात खोचणे हेसुद्धा वेगळे काम. अशी सुमारे अठरा कामे दहा जणांत वाटलेली. आणि दिवसाकाठी टाचण्या किती? ४८,०००! म्हणजे माणशी ४,८००.

यंत्रयुगाचे सगळे बीज या हिशेबात आहे. संपत्ती म्हणजे राजाच्या खजिन्यातले सोने नव्हे. संपत्ती म्हणजे लोकांच्या हातून होणारे काम, आणि ते वाटून घेतले की वाढते. पण टाचण्याच करणाऱ्याने खायचे काय? त्याला टाचण्या विकून भाकरी घेता आली पाहिजे. म्हणून श्रमविभागणीला बाजार लागतो. बाजार जितका मोठा, तितकी कामाची वाटणी बारीक करता येते. खेड्यात एकच माणूस सुतार आणि गवंडी दोन्ही असतो. शहरात नुसत्या खुर्च्या विणून पोट भरते, ते याच कारणाने.

भाव नावाचा निरोप्या

आता तो अदृश्य हात. मौज अशी की हे दोन शब्द त्या भल्यामोठ्या ग्रंथात फक्त एकदाच येतात. कल्पना मात्र साधी आहे. आपल्या दिवाळीचाच विचार करा. बेसनाची डाळ कोठल्या तरी शिवारातली, तेल दुसऱ्या प्रांतातले, वेलदोडा केरळच्या डोंगरातला. ह्या सर्वांनी आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात आश्विनाच्या अखेरीस हजर राहावे, असा हुकूम कोणी काढलेला नसतो. दुकानदाराचे आपल्यावर प्रेम असते म्हणून नव्हे. त्याला त्याचा संसार चालवायचा असतो म्हणून तो माल भरतो. डाळ कमी पडली की भाव चढतो. चढलेला भाव म्हणजे शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला गेलेला निरोप: 'इकडे माल हवा आहे.' तोच भाव गृहिणीलाही बजावतो: 'यंदा लाडू थोडे कमी करा.' ज्याचा त्याचा विचार स्वतःपुरता. पण परिणामी सगळ्यांचे काम होते.

कोट्यवधी अनोळखी माणसांना एकमेकांशी असे जोडणारी दुसरी तितकी स्वस्त व्यवस्था माणसाला अजून सापडलेली नाही. ज्या देशांनी भाव ठरवायचे सगळे काम कचेऱ्यांकडे दिले, तेथे दुकानांपुढच्या रांगांनी ही गोष्ट सिद्ध केली.

कोणाच्या विरुद्ध?

परंतु स्मिथ हे कोणाविरुद्ध लिहीत होता, ते आपण विसरतो. त्याच्या काळी बाजार मोकळा नव्हता. धंदेवाल्यांचे संघ होते, मक्तेदाऱ्या होत्या, राजाच्या सनदा होत्या. जेम्स वॅटचीच गोष्ट घ्या. हा तरुण ग्लासगोत उपकरणे दुरुस्त करण्याचे दुकान काढायला आला, तेव्हा त्याने सात वर्षांची रीतसर उमेदवारी केलेली नाही म्हणून तेथील कारागिरांच्या संघाने हरकत घेतली, अशी हकीकत सांगतात. १७५७ साली विद्यापीठाने त्याला आपल्या आवारात खोली दिली. त्या वेळी स्मिथ त्याच विद्यापीठात प्राध्यापक होता. पुढे विद्यापीठाचे एक नादुरुस्त वाफेचे यंत्र वॅटकडे आले, आणि १७६५ मध्ये वाफ वेगळ्या पात्रात थंड करण्याची युक्ती त्याला सुचली. वाफेच्या युगाचा पाया असा, संघाच्या कुंपणाबाहेर, विद्यापीठाच्या आश्रयाला घातला गेला.

स्मिथला राग होता तो अशा कुंपणांचा. व्यापाऱ्यांविषयी तर त्याला बिलकुल भाबडेपणा नव्हता. एकाच धंद्यातली माणसे मौजेसाठी जमली तरी बोलणे अखेर गिऱ्हाइकाला बुडवून भाव वाढवण्यावर जाते, असे त्याचे मत. आणि त्याच्या टीकेचा सर्वांत कडक मारा कोणावर? आपल्या परिचयाच्या ईस्ट इंडिया कंपनीवर. व्यापारी हाच राज्यकर्ता झाला की रयतेचे भले होणे शक्य नाही, हे त्याने पेशवाई उभी असतानाच लिहून ठेवले. सरकारने काहीच करू नये, असेही तो म्हणत नाही. संरक्षण, न्याय, आणि ज्यात कोणा एकाला नफा नाही पण सर्वांचे हित आहे अशी सार्वजनिक कामे, ही तीन कर्तव्ये त्याने सरकारवर टाकली. जन्मभर टाचणीचे टोकच काढणाऱ्या माणसाची बुद्धी गंजून जाईल, म्हणून गरिबांच्या मुलांना शिकवण्यासाठी सरकारने खर्च करावा, हेही त्याच ग्रंथात आहे. आमच्या कन्येच्या पुस्तकात हे पान गळले होते.

गिरणीच्या धुराड्यामागे

मग इंग्लंड औद्योगिक राष्ट्र झाले ते निव्वळ मोकळ्या बाजारामुळे का? हिशेब एवढा सरळ नाही. हिंदुस्थानातली छिटे विलायतेत इतकी लोकप्रिय झाली होती की तेथील लोकर आणि रेशीमवाल्यांनी ओरड केली. १७०० च्या कायद्याने छापील सुती कापडाची आयात बंद झाली. १७२१ च्या कायद्याने बहुतेक सुती कापड वापरण्यावरच बंदी आली. ही बंदी १७७४ पर्यंत टिकली. रिचर्ड आर्कराइटने क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी सूतगिरणी १७७१ मध्ये काढली, ती या कुंपणाच्या आत. वॅटच्या इंजिनाचे पेटंट पार्लमेंटने खास कायदा करून १८०० पर्यंत वाढवून दिले. आणि त्या गिरण्यांना पुढे जो कापूस लागला, त्यातला मोठा वाटा अमेरिकेत गुलामांच्या हातांनी वेचला जात होता. तो बाजार मोकळा होता; वेचणारे हात मोकळे नव्हते.

यंत्रे परदेशी पाठवायला इंग्लंडात १८४३ पर्यंत कायद्याने बंदी होती. कुशल कारागिरांनाही १८२४ पर्यंत देश सोडून जाण्यास मनाई. सॅम्युएल स्लेटर नावाचा तरुण १७८९ मध्ये गिरणीची सगळी यंत्रे डोक्यात साठवून गुपचूप अमेरिकेस गेला आणि तेथे त्याने स्मरणातून ती उभी केली. अमेरिकेच्या सूतगिरण्यांचा आरंभ तो.

पुढे इंग्लंडच्या गिरण्यांना जगात कोणी स्पर्धक उरला नाही, तेव्हा मँचेस्टरचे गिरणीवाले मुक्त व्यापाराचे भक्त झाले. त्यांच्या चळवळीमुळे १८४६ मध्ये परदेशी धान्यावरील जकातीचा कायदा उठला. तो उठणे योग्यच होते. त्या जकातीने जमीनदार गबर होत आणि मजुराची भाकरी महाग होई. पण चिमुरड्यांना गिरणीत राबवणे थांबवायला बाजार धावून आला नाही. नऊ वर्षांखालील मुलांना कापडगिरण्यांत लावण्यास बंदी झाली ती १८३३ च्या कायद्याने.

पुस्तक आणि पोट

आता गोष्ट आपल्या दाराशी येते. हिंदुस्थानात येणाऱ्या कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना विलायतेत हेलीबरी येथे अर्थशास्त्र शिकवले जाई. स्मिथच्या ग्रंथात बंगालच्या १७७० च्या दुष्काळाचा उल्लेख आहे. कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारावर घातलेल्या अविचारी निर्बंधांमुळे टंचाईचा दुष्काळ झाला असावा, असे तो म्हणतो. कंपनीच्या मक्तेदारीवरचा हा घाव होता. पण शिष्यांनी त्यातून एकच सूत्र उचलले: धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये. कधीच नाही, काही झाले तरी नाही.

१८७६ साली दख्खनमध्ये पाऊस पडला नाही. पुणे, नगर, सोलापूर, सातारा, विजापूर हे जिल्हे होरपळले. मुंबई सरकारने मोठी बांधकामे काढून लोकांना मजुरी द्यायला सुरुवात केली होती. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला हा खर्च सोसवेना. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीसाठी पाठवण्यात आले. याच टेंपलसाहेबांनी १८७४ मध्ये बिहारात ब्रह्मदेशाचा तांदूळ आणवून माणसे वाचवली होती आणि उधळपट्टीबद्दल बोलणी खाल्ली होती. या खेपेस त्यांनी तो दोष पुरता धुऊन काढला. पुरुषाला दिवसाची मजुरी ठरली एक पौंड धान्य, म्हणजे आपले सुमारे ४५० ग्रॅम, आणि वर एक आणा. खडी फोडणाऱ्या माणसाला एवढे! हजारो मजूर ती कामे सोडून निघून गेले. सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारला कळवीत होती.

धान्य हिंदुस्थानात अजिबात नव्हते, असे नाही. ते आगगाडीने हिंडत होते. परदेशी जाणेही थांबले नव्हते. व्यापारी आपला धर्म पाळीत होते. जिकडे भाव, तिकडे माल. मग सोलापूरच्या उपाशी माणसाकडे तो निरोप्या, तो भाव, का फिरकला नाही? कारण बाजाराच्या भाषेत 'मागणी' म्हणजे भूक नव्हे. मागणी म्हणजे भूक अधिक खिशातला पैसा. शेत करपले, मजुरी गेली, भांडीकुंडी विकून संपली, की माणसाची भूक कितीही मोठी असली तरी बाजाराला ती ऐकू येत नाही. १८८० च्या सरकारी दुष्काळ आयोगाच्या हिशेबानेच, दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत इंग्रजी मुलखात या दुष्काळात पन्नास लाखांवर माणसे गेली.

न्यायमूर्तींचा सवाल

मराठी माणसाला हे शास्त्र अपरिचित नव्हते. लोकहितवादींचे 'लक्ष्मीज्ञान' १८४९ मध्येच आले होते. पण विलायती सूत्रे इथल्या जमिनीवर घासून पाहण्याचे काम केले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. त्यांचा सवाल असा: ज्या देशात भांडवल थोडे, जातीने धंदा बांधलेला, मजूर गाव सोडायला तयार नाही, तेथे इंग्लंडच्या परिस्थितीवरून काढलेले नियम जसेच्या तसे कसे लागू पडतील? जर्मनीच्या फ्रीडरिख लिस्टचा त्यांनी आधार घेतला. शिडीने माडीवर चढल्यावर खालच्यांनी चढू नये म्हणून शिडीच काढून घ्यायची, असा इंग्लंडचा व्यवहार असल्याचे लिस्टने १८४१ मध्ये दाखवले होते.

चार वर्षांतच रानड्यांच्या म्हणण्याचा दाखला सरकारने स्वतः दिला. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढून कापडगिरण्यांचा पाया घातला होता. त्या धंद्याने पुढे बाळसे धरले. लँकशायरला ते खुपू लागले. तिजोरीच्या गरजेसाठी विलायती कापडावर जकात ठेवणे भाग होते. मग समतोल म्हणून १८९६ मध्ये हिंदी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के कर बसवला. म्हणजे मुंबईच्या कामगाराने मुंबईत विणलेले आणि मुंबईतच विकले जाणारे धोतर, त्यावर लँकशायरच्या सोयीसाठी कर! याला नाव मुक्त व्यापाराचे. हा कर जायला १९२६ साल उजाडले.

आजीची खडी

हे झाले पुस्तकातले. एक घरातले सांगतो. आमचे मूळ गाव सोलापूर जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जात असे. तिच्या तळहातांवरचे घट्टे मी लहानपणी पाहिले आहेत. ती सांगायची ते लाल मिलोच्या भाकरीचे, कामावर मिळणाऱ्या सुकडीचे आणि आठवड्याच्या पगाराचे. मी एकदा विचारले, "आजी, तेव्हा गावात माणसं मेली का गं?" ती म्हणाली, "हाल लई झालं बाळा. पण उपाशी मेलं असं आमच्या गावात कुणी न्हाई. हप्ता मिळायचा की."

हप्ता मिळायचा! १८७७ आणि १९७२ यांच्यातले अंतर या दोन शब्दांत आहे. पाऊस तितकाच रुसला होता. पण या वेळी महाराष्ट्र सरकारने रस्ते, पाझर तलाव, नालाबांध यांची कामे काढली. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. त्यांच्या हाती पैसा आला आणि भुकेला बाजारात आवाज मिळाला. रेशनच्या दुकानातून धान्य आले, बंदी असतानाही व्यापाऱ्यांमार्फत आले. भाव नावाचा निरोप्या या खेपेस सोलापूरपर्यंत पोचला, कारण तिथे पैसे मोजणारा माणूस उभा होता. वि. स. पागे यांच्या प्रयत्नातून आकाराला आलेली रोजगार हमीची योजना पुढे १९७७ मध्ये कायद्यात उतरली, आणि २००५ मध्ये त्याच धर्तीवर साऱ्या देशासाठी कायदा झाला.

सरकारची बाजू घेताना उलट्या टोकाला जाण्याचेही कारण नाही. स्वातंत्र्यानंतर आपण रानड्यांचे बोट धरून निघालो खरे. पण वाटेत परवान्यांचे जंगल वाढले. किती माल काढावा यालाही परवाना. स्कूटरसाठी आणि टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षे मोजावी लागत, हे आमच्या वडिलांच्या पिढीला सांगायला नको. ज्याच्या हाती परवाना, तो सुरक्षित. नव्याला दार बंद. वॅटला अडवणारा तो जुना कारागीर संघच कचेरीत येऊन बसला होता म्हणा ना! २४ जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पाच्या सुमारास ही कुंपणे मोडायला सुरुवात झाली, तेव्हा स्मिथने सुटकेचा निःश्वास टाकला असता. मात्र लगेच त्याने विचारलेही असते, की नव्या बाजारात मजुराच्या मुलीची शाळा कशी चालली आहे?

जळालेले रुमाल

कन्येने शेवटी विचारले, "मग बाबा, परीक्षेत लिहू काय? बाजार चांगला की वाईट?"

मी तिला स्मिथच्या उतारवयातली गोष्ट सांगितली. मुक्त व्यापाराचा हा आचार्य १७७८ मध्ये एडिंबरोला चक्क जकात खात्याचा कमिशनर झाला. नव्या नोकरीत निषिद्ध मालाची यादी वाचताना त्याच्या ध्यानात आले की आपल्या अंगावरचे गळपट्टे, झालरी, खिशातले रुमाल, जवळजवळ सगळेच आयात-बंदीतले! त्याने दुसऱ्याला उदाहरण घालून द्यावे म्हणून ते सर्व जाळून टाकले, असे त्याने स्वतःच १७८० च्या एका पत्रात मित्राला कळवले. कायदा वेडगळ आहे, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? तरीही नियम दुसऱ्याला लावण्याआधी त्याने स्वतःला लावला. १८७७ मध्ये ज्यांनी त्याचे नाव घेऊन एक पौंडाचा नियम केला, त्यांनी त्या मजुरीवर एक दिवस खडी फोडून पाहिली असती, तर?

"लिही," मी म्हटले, "की बाजार हे उत्तम यंत्र आहे. पण ज्याच्या खिशात काही नाही, त्याचे बोलणे त्या यंत्राला ऐकू येत नाही. ते ऐकण्याचे काम माणसांनाच करावे लागते. आणि एवढे लिहायला जागा नसेल तर पुरवणी घे."

"आणि ती जोडायला टाचणी!" ती हसून उठली.

आतून पुन्हा हाक आली. या खेपेस मात्र दृश्य हातांचीच गरज होती. मी निबंधांचा गठ्ठा बाजूला ठेवला आणि सोऱ्या दाबायला गेलो.